‘मोल्ड’ लिंकर : वेग, मुक्तता आणि अध्यापन – एक चिकित्सक समीक्षा

बीजशब्द : लिंकर, मुक्त स्रोत, समांतर संगणन, परवाना, सिस्टीम प्रोग्रॅमिंग, ग्रामीण महाविद्यालये

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाविषयी मराठीत जे लेखन होते त्याचा रोख बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींकडे असतो. ज्या साधनांच्या आधारे संगणकाच्या आज्ञावली घडविल्या जातात त्या साधनांची चिकित्सा मात्र अभावानेच आढळते. साहित्यकृतीची समीक्षा करताना तिचा हेतू, रचना, तिची परंपरा आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला जातो. आज्ञावली हीदेखील एक मानवी निर्मिती आहे. तिलाही हेतू असतो, परंपरा असते आणि तिच्यामागे अर्थकारणही असते. म्हणूनच आज्ञावलीची समीक्षा याच निकषांवर करणे शक्य आहे, किंबहुना आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात ‘मोल्ड’ या मुक्त स्रोत लिंकरची समीक्षा केली आहे. रुई उएयामा या जपानी आज्ञावलीकाराने घडविलेल्या या लिंकरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या आज्ञावलींची जोडणी अत्यंत वेगाने करणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. हा वेग कोठून येतो, तो कोणाच्या उपयोगाचा आहे, त्याची किंमत कोण मोजतो आणि धाराशिव जिल्ह्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांनी त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे प्रश्न येथे महत्त्वाचे मानले आहेत.

उद्दिष्टे

१) लिंकरच्या कार्याचा व त्याच्या विकासाचा थोडक्यात परिचय करून देणे.
२) मोल्डच्या वेगाच्या दाव्याची चिकित्सा करणे.
३) मोल्डच्या परवान्यातील बदलांमागील अर्थकारण तपासणे.
४) महाराष्ट्रातील सिस्टीम प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनात मोल्डचा उपयोग कसा होऊ शकेल हे सुचविणे.

लेखासाठी विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मोल्डच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेली मापने आणि रचनाविषयक टिपणे हा या विवेचनाचा मुख्य आधार आहे.

१. लिंकर म्हणजे काय?

मोठी आज्ञावली एकाच फाइलमध्ये कधीच लिहिली जात नाही. ती शेकडो, प्रसंगी हजारो फाइलींमध्ये विभागलेली असते. कंपायलर यांतील प्रत्येक फाइलीचे स्वतंत्रपणे यंत्रभाषेत रूपांतर करतो. या रूपांतरातून ऑब्जेक्ट फाइली तयार होतात. त्या सर्व एकत्र आणून त्यांतून चालविण्याजोगी एक आज्ञावली तयार करणे हे लिंकरचे काम होय.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना हे काम संपादित ग्रंथाच्या उदाहरणाने सहज समजेल. चर्चासत्राच्या ग्रंथासाठी वीस अभ्यासकांनी वीस लेख पाठविले आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येक लेखात इतरांच्या लेखांचे हवाले आहेत. पण कोणता लेख कोणत्या पानावर येणार हे लेखकांना ठाऊक नसल्याने त्यांनी पृष्ठक्रमांकाची जागा रिकामी ठेवली आहे. संपादक प्रथम सर्व लेख गोळा करतो. ज्या लेखाचा हवाला दिला आहे तो ग्रंथात खरोखर आहे की नाही, एकाच शीर्षकाचे दोन लेख आलेले नाहीत ना, हे तो पाहतो. त्यानंतर लेखांचा क्रम लावून प्रत्येकाचे पहिले पान निश्चित करतो आणि शेवटी रिकाम्या जागी पृष्ठक्रमांक भरतो. लिंकरही हेच करतो. नावाची खातरजमा करणे म्हणजे चिन्हनामांची निश्चिती आणि रिकाम्या जागी पत्ते भरणे म्हणजे पुनर्स्थापन. ज्या लेखाचा हवाला दिला तो लेख आलाच नसेल, तर संपादक काम थांबवून तक्रार करतो. विद्यार्थ्याला पडद्यावर दिसणारी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही त्रुटी म्हणजे संपादकाची नेमकी हीच तक्रार असते.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. एका लेखात एक शब्द बदलला तर त्या एका लेखाचीच अक्षरजुळणी पुन्हा करावी लागते; पण ग्रंथाची बांधणी मात्र संपूर्ण नव्याने करावी लागते. आज्ञावलीकाराने एक ओळ बदलली तर कंपायलरचे काम एका फाइलीपुरते मर्यादित राहते. लिंकरला मात्र सर्व फाइली पुन्हा हाताळाव्या लागतात. लहान आज्ञावलीत हा काळ जाणवत नाही. आज्ञावली मोठी होत जाते तसा दिवसातून अनेकदा करावा लागणारा हा खोळंबा असह्य होत जातो. मोल्डचा जन्म याच खोळंब्यातून झाला.

२. पूर्वपरंपरा

सुट्या भागांतून आज्ञावली जुळविण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये तयार केलेली ‘ए-०’ प्रणाली फितीवर साठविलेली उपकार्ये त्यांच्या क्रमांकावरून शोधून एकत्र आणत असे. तिला कंपायलर म्हटले गेले, तरी आजच्या परिभाषेत तिचे काम लिंकर आणि लोडर यांच्या अधिक जवळचे होते. पुढे युनिक्सच्या परंपरेत ‘एलडी’ हे नाव रूढ झाले आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या जीएनयू प्रकल्पातून मुक्त स्वरूपातील ‘जीएनयू एलडी’ हा लिंकर आला. अनेक प्रकारची यंत्रे आणि अनेक प्रकारच्या फाइलींची मांडणी यांना सामावून घेण्याची त्याची क्षमता मोठी आहे; मात्र त्या व्यापकतेपायी वेगाचा बळी गेला.

इयन लान्स टेलर यांनी गूगलमध्ये असताना लिहिलेला ‘गोल्ड’ हा लिंकर २००८ मध्ये जीएनयूच्या बिनयूटिल्स संचात समाविष्ट झाला. त्याने केवळ ईएलएफ या एकाच मांडणीपुरते लक्ष मर्यादित ठेवून वेग साधला. त्यानंतर एलएलव्हीएम प्रकल्पातील ‘एलएलडी’ पुढे आला. त्याच्या आजच्या स्वरूपाची पायाभरणी करण्यात उएयामा यांचाच मोठा वाटा होता. म्हणजे मोल्ड ही एका नवख्याची अचानक सुचलेली कृती नाही. आपल्याच आधीच्या कृतीवर असमाधानी असलेल्या कारागिराने ती नव्याने घडविली आहे.

परंपरेच्या या आढाव्यात गोल्डचा शेवट विशेष बोलका आहे. फेब्रुवारी २०२५ मधील बिनयूटिल्सच्या २.४४ या आवृत्तीच्या वेळी गोल्ड कालबाह्य असल्याचे जाहीर करण्यात आले आणि मुख्य संचातून तो वेगळा काढण्यात आला. तो सांभाळण्यास कोणी उरले नव्हते. एके काळी वेगाचा मानदंड असलेले साधन सतरा वर्षांत निराधार झाले. वेग साधनाला प्रसिद्धी देतो. त्याला आयुष्य देते ती देखभाल. हा मुद्दा मोल्डच्या समीक्षेतही लक्षात ठेवावा लागतो.

३. वेगाची मीमांसा

मोल्डच्या निर्मात्याने सोळा गाभ्यांच्या व बत्तीस धाग्यांच्या यंत्रासाठी दिलेली मापने पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता क्र. १ : जोडणीस लागणारा वेळ (सेकंदांत)
मायएसक्यूएल ८.३ – जीएनयू एलडी १०.८४, गोल्ड ७.४७, एलएलडी १.६४, मोल्ड ०.४६
क्लँग १९ – जीएनयू एलडी ४२.०७, गोल्ड ३३.१३, एलएलडी ५.२०; मोल्ड १.३५
क्रोमियम १२४ – जीएनयू एलडी मापन नाही, गोल्ड २७.४०, एलएलडी ६.१०, मोल्ड १.५२

या आकड्यांकडे वरवर पाहिल्यास मोल्ड हा जीएनयू एलडीपेक्षा क्लँगच्या बाबतीत सुमारे एकतीस पट वेगवान ठरतो आणि बहुतेक ठिकाणी हाच आकडा पुढे केला जातो. परंतु तुलना एलएलडीशी केली तर हे प्रमाण सुमारे साडेतीन ते चार पट एवढेच राहते. याहून महत्त्वाचा फरक पटींचा नसून प्रत्यक्ष सेकंदांचा आहे. क्लँगच्या जोडणीत जीएनयू एलडी सोडून एलएलडी स्वीकारल्यास सुमारे ३७ सेकंद वाचतात. त्यापुढे एलएलडी सोडून मोल्ड स्वीकारल्यास आणखी ४ सेकंदांहून किंचित कमी वेळ वाचतो. दिवसातून शंभर वेळा जोडणी करणाऱ्या आज्ञावलीकाराचा विचार केला तर पहिल्या बदलातून एक तासाहून अधिक आणि दुसऱ्या बदलातून साडेसहा मिनिटांच्या आसपास वेळ हाती येतो. म्हणजे बचतीचा सिंहाचा वाटा आधीच्या पिढीच्या लिंकरनेच मिळवून दिला होता. मोल्डचे श्रेय यामुळे नाहीसे होत नाही. मात्र ते नेमके किती, हे यावरून ठरते.

असे असले तरी मोल्डची रचना अभ्यासण्याजोगी आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. लिंकरच्या कामाचा मोठा भाग म्हणजे आत आलेल्या फाइलींतील मजकूर बाहेरच्या फाइलीत उतरविणे. त्यामुळे तेवढ्याच आकाराची फाइल नुसती नकलण्यास जो वेळ लागतो त्याहून लिंकर फारसा वेगवान होऊ शकत नाही. उएयामा यांनी याच साध्या निरीक्षणाला मापदंड मानले. आधीच्या लिंकरपेक्षा आपण किती पुढे आहोत, हा प्रश्न त्यांनी दुय्यम ठरविला. नकलेच्या वेगापासून आपण किती दूर आहोत, हा प्रश्न मुख्य मानला. कोणत्याही संशोधनात प्रतिस्पर्ध्याशी तुलना करण्याऐवजी समस्येच्या अंगभूत मर्यादेशी तुलना करणे ही पद्धतीची मोठी शिस्त असते.

या मर्यादेजवळ जाण्यासाठी मोल्डने कामाची समांतर विभागणी केली. संपादकाच्या उदाहरणात सांगायचे तर एकाच संपादकाने वीस लेख ओळीने वाचण्याऐवजी सोळा साहाय्यक एकाच वेळी निरनिराळे लेख वाचतात आणि शीर्षकांची नोंद एकाच सामाईक वहीत करतात. त्या वहीवर सर्वांची झुंबड उडू नये आणि कोणाची नोंद पुसली जाऊ नये, यासाठी एकाच वेळी अनेकांना लिहिता येईल अशी वही लागते. मोल्डमध्ये हे काम समांतर वापरासाठी रचलेले नामकोष्टक करते. लेखांचा क्रम आणि लांबी निश्चित झाल्यावर प्रत्येक साहाय्यक आपापल्या लेखाची पाने स्वतंत्रपणे भरू शकतो, कारण कोणाची पाने कोठे सुरू होतात हे आता सर्वांना ठाऊक असते. काम कोठे परस्परावलंबी आहे आणि कोठे नाही, याची अचूक ओळख हाच या रचनेचा गाभा होय.

मोल्डची एक युक्ती मात्र चिकित्सेस पात्र आहे. काम संपल्यावर मोठ्या आज्ञावलीने घेतलेली स्मृती परत करण्यास काही वेळ जातो. मोल्ड प्रारंभीच स्वतःची एक उपप्रक्रिया निर्माण करून प्रत्यक्ष काम तिच्याकडे सोपवितो. निर्गत फाइल पूर्ण होताच मूळ प्रक्रिया काम संपल्याचे कळवून थांबते आणि स्मृतीची आवराआवर उपप्रक्रिया मागाहून करीत राहते. वापरणाऱ्याची प्रतीक्षा यामुळे खरोखर कमी होते. यंत्राचे श्रम मात्र तेवढेच राहतात. भरपूर स्मृती असलेल्या यंत्रावर हा भेद उपेक्षणीय आहे. अल्प स्मृतीच्या यंत्रावर अनेक जोडण्या पाठोपाठ चालत असतील तर तो उपेक्षणीय राहत नाही. ही युक्ती बंद करण्याचा पर्याय मोल्डमध्ये आहे, तसेच एका वेळी एकच जोडणी चालू ठेवून स्मृतीवरील ताण कमी करण्याची सोयही आहे. मापने वाचताना हे तपशील माहीत असणे आवश्यक आहे.

४. नाकारलेल्या वाटा

मोल्डच्या रचनाविषयक टिपणांतील सर्वांत मोलाचा भाग कोणता असेल तर तो नाकारलेल्या कल्पनांचा. जोडणी पूर्ण नव्याने न करता आधीच्या निर्गत फाइलीत फक्त बदललेला भाग दुरुस्त करावा, ही कल्पना वरकरणी आकर्षक वाटते. उएयामा यांनी ती नाकारली. अशा दुरुस्तीसाठी लिंकरची रचना फार गुंतागुंतीची होते, पहिली जोडणी त्यामुळे जलद होत नाही आणि नव्याने केलेल्या जोडणीतून व दुरुस्तीतून तयार झालेल्या फाइली सारख्या राहतील याची हमी उरत नाही. फाइलींवर सतत नजर ठेवून त्या बदलताच आधीपासून वाचून ठेवणे, ऑब्जेक्ट फाइलींची नवीच मांडणी निर्माण करणे, अशा कल्पनाही त्यांनी विचारात घेऊन बाजूला सारल्या आणि त्यामागील कारणे नोंदवून ठेवली.

आपल्याकडील पीएच.डी.च्या प्रबंधांत यशस्वी वाट तेवढी दाखविली जाते. कोणती गृहीतके फसली, कोणते मार्ग अर्ध्यावर सोडले आणि का सोडले, याची नोंद क्वचितच सापडते. परिणामी पुढचा संशोधक त्याच बंद वाटेने पुन्हा जातो. व्यवसायाने आज्ञावलीकार असलेल्या एका व्यक्तीने विद्यापीठीय चौकटीबाहेर राहून जी प्रांजळ नोंद ठेवली आहे, ती संशोधन पद्धतीच्या अध्यापनात नमुना म्हणून वापरण्याजोगी आहे.

५. मर्यादा

मोल्डची सर्वांत ठळक मर्यादा लिंकर स्क्रिप्टच्या संदर्भातील आहे. आज्ञावलीचा कोणता भाग स्मृतीत नेमका कोठे बसवायचा हे लिंकर स्क्रिप्टद्वारे सांगितले जाते. साधारण आज्ञावलीस याची गरज भासत नाही. परंतु सूक्ष्मनियंत्रकांसाठी, म्हणजे वाहनांत, यंत्रांत किंवा मापन-उपकरणांत बसविल्या जाणाऱ्या लहान संगणकांसाठी आज्ञावली रचताना ती अपरिहार्य असते. मोल्ड लिंकर स्क्रिप्टचा मर्यादित भागच स्वीकारतो. जीएनयू एलडीच्या ज्या व्यापकतेमुळे तो मंद झाला, तीच व्यापकता येथे त्याची उपयुक्तता ठरते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही मर्यादा किरकोळ नाही. पुण्यातील केपीआयटी कमिन्स या कंपनीने रेनेसास या जपानी कंपनीच्या एसएच, एच८ आदी सूक्ष्मनियंत्रकांसाठी जीएनयूवर आधारित कंपायलर, असेंब्लर व लिंकर यांचे संच सिद्ध करून ते विनामूल्य उपलब्ध करून दिले होते. मुक्त स्रोत साधनांच्या क्षेत्रातील पुण्याच्या या कामगिरीची नोंद मराठीत फारशी झालेली नाही. या प्रकारच्या कामात जोडणीच्या काही सेकंदांना महत्त्व नसते. आज्ञावलीचा प्रत्येक भाग ठरलेल्या पत्त्यावर बसणे महत्त्वाचे असते. तेथे मोल्डचा उपयोग नाही. ‘सर्वांत वेगवान’ आणि ‘सर्वांत योग्य’ ही दोन विशेषणे समानार्थी नाहीत, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

दुसरी मर्यादा यंत्रसामग्रीची आहे. तक्त्यातील मापने सोळा गाभ्यांच्या यंत्राची आहेत. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार समांतर विभागणीचा लाभ कामाच्या विभागता न येणाऱ्या अंशाने मर्यादित होतो. आणि गाभेच कमी असतील तर विभागता येणाऱ्या अंशाचा लाभही तेवढाच कमी मिळतो. दोन किंवा चार गाभ्यांच्या यंत्रावर एकतीस पट वेगाची अपेक्षा करणे शास्त्रीय ठरणार नाही. मोल्डच्या वेगाचा काही भाग उत्तम विदारचनांतून आलेला असल्याने तेथेही फायदा होईल. पण तो किती, हे प्रत्यक्ष मोजूनच सांगता येईल.

६. परवाना आणि अर्थकारण

मोल्डचा प्रवास मुक्त आज्ञावलींच्या अर्थकारणाच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. प्रारंभी तो एजीपीएल या कठोर मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला. ज्या कंपन्यांना हा परवाना मान्य नव्हता त्यांना व्यापारी परवाना विकावा आणि त्यातून विकासाचा खर्च भागवावा, अशी योजना होती. ॲपलच्या मॅकओएस प्रणालीसाठी ‘सोल्ड’ या नावाने विक्रीयोग्य आवृत्तीही काढण्यात आली. हे गणित जुळले नाही. जुलै २०२३ मधील मोल्डच्या २.० या आवृत्तीपासून एमआयटी हा अत्यंत उदार परवाना स्वीकारण्यात आला आणि विकासाची भिस्त ऐच्छिक देणग्यांवर आली. त्याच वर्षी ॲपलने एक्सकोड १५ सोबत स्वतःचा नवा वेगवान लिंकर दिला आणि सोल्डचे प्रयोजन उरले नाही.

येथे एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. लिंकरने जोडलेल्या आज्ञावलीला केवळ त्या जोडणीमुळे लिंकरचा परवाना लागू होत नाही. म्हणजे एजीपीएलखालील मोल्ड वापरूनही कंपनीची आज्ञावली कंपनीचीच राहत होती. तरीसुद्धा काही कंपन्यांच्या अंतर्गत धोरणात या परवान्याच्या नावालाच मज्जाव असतो. ज्यांचा वेळ या साधनाने सर्वाधिक वाचतो, त्यांनीच त्यासाठी पैसे मोजण्याची तयारी पुरेशी दाखविली नाही. गावच्या पाणंद रस्त्याने सर्वांची बैलगाडी जाते. मुरूम टाकण्याची वेळ आली की तो रस्ता कोणाचाच नसतो. मुक्त स्रोत साधनांची अवस्था याहून निराळी नाही.

मुक्ततेचा गौरव करताना हे वास्तव झाकले जाऊ नये. एमआयटी परवान्यामुळे मोल्ड कोणालाही, कोणत्याही अटीविना जवळजवळ वापरता येतो, ही जमेची बाजू आहे. परंतु त्याचा बहुतांश भार एकाच व्यक्तीच्या खांद्यावर आहे. गोल्डचा इतिहास ताजा असताना ही बाब चिंतेची मानावी लागेल. या उलट एलएलडीमागे एलएलव्हीएम प्रकल्पाचा मोठा समुदाय आहे. रस्ट भाषेने सप्टेंबर २०२५ मधील १.९० या आवृत्तीपासून लिनक्सच्या सर्वाधिक प्रचलित ६४-बिट प्रकारावर एलएलडीलाच मूलभूत लिंकर म्हणून स्वीकारले. अधिक वेगवान मोल्ड उपलब्ध असताना दुसऱ्या क्रमांकाच्या साधनाची निवड झाली, यातून वेगाखेरीज स्थैर्यालाही किती किंमत आहे हे दिसून येते.

७. महाराष्ट्रातील अध्यापन आणि धाराशिव जिल्हा

महाराष्ट्रात कंपायलरविषयक अध्ययनाची परंपरा भक्कम आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. धनंजय ढमढेरे यांचे सिस्टीम प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले आहे. त्यात लिंकरवर स्वतंत्र प्रकरण असून एमएस-डॉसच्या ऑब्जेक्ट मॉड्यूलच्या आधारे लिंकरची रचना प्रत्यक्ष करून दाखविली आहे. पुणे विद्यापीठात अध्यापन करून पुढे आयआयटी मुंबईत गेलेले प्रा. उदय खेडकर यांनी तेथे जीसीसी रिसोर्स सेंटरद्वारे जीसीसी या मुक्त कंपायलरच्या अंतरंगाचा परिचय करून देणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. मुक्त स्रोत साधन केवळ वापरायचे नसते, ते उघडून वाचायचे असते, हा संस्कार या उपक्रमाने दिला.

या परंपरेचा लाभ जिल्हापातळीवरील महाविद्यालयांपर्यंत कितपत पोहोचला, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांत दीर्घकाळ टर्बो सी हेच अध्यापनाचे साधन होते. त्यात दोन कळा एकत्र दाबल्या की आज्ञावली चालू होत असे; मध्ये जोडणी नावाची पायरी आहे हे विद्यार्थ्याला कळत नसे. आलेखाची आज्ञावली मात्र अडत असे. मग ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘लिंकर’खालील ‘लायब्ररीज’मध्ये ग्राफिक्सच्या चौकटीवर खूण करावी लागे. कित्येक विद्यार्थ्यांची लिंकरशी आयुष्यातील एकमेव भेट ती हीच. खूण का करायची हे न सांगता खूण करायला शिकविले गेले. परीक्षेत ‘लिंकर व लोडर यांतील फरक सांगा’ या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर मिळत राहिले आणि प्रयोगशाळेतील त्या चौकटीशी त्याचा संबंध जोडला गेला नाही.

धाराशिव जिल्ह्याचा समावेश नीती आयोगाच्या २०१८ मधील आकांक्षित जिल्ह्यांत झाला होता. तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा अशा तालुक्यांतून संगणकशास्त्राची पदवी घेणारा विद्यार्थी नोकरीसाठी बहुधा पुण्याची वाट धरतो. तेथे त्याच्यासमोर पन्नास ओळींची आज्ञावली येत नाही, लाखो ओळींची येते. जोडणीच्या पायरीवर अडलेले काम सोडविता न येणे हे त्या वेळी त्याच्या बुद्धीचे न्यून मानले जाते. वस्तुतः ते त्याच्या अध्यापनाचे न्यून असते. मोठ्या शहरातील विद्यार्थी ही उणीव ओळखीपाळखीतून, मित्रमंडळींतून भरून काढतो. ग्रामीण विद्यार्थ्याला ती सोय नसते. म्हणून अभ्यासक्रमातील हे दुर्लक्ष सर्वांना सारखे भोवत नाही.

मोल्डचा उपयोग येथे होऊ शकतो. मात्र तो वेगासाठी नव्हे. विद्यार्थ्याच्या छोट्या आज्ञावलीची जोडणी जीएनयू एलडीदेखील क्षणार्धात करतो. मोल्डचे शैक्षणिक मूल्य तुलनेत आहे. तो उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्या भांडारांतून विनामूल्य मिळतो आणि जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीपासून एका पर्यायाने तो निवडता येतो. एखाद्या मोठ्या मुक्त आज्ञावलीचे कंपायलेशन एकाच बऱ्यापैकी यंत्रावर एकदा करून घ्यावे आणि तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली प्रयोगशाळेतील सर्व यंत्रांवर उतरवाव्यात. मग विद्यार्थ्यांनी फक्त जोडणी करावी. एलडी, एलएलडी व मोल्ड यांनी लागणारा वेळ आणि स्मृती मोजावी. धाग्यांची संख्या एक, दोन, चार अशी बदलून पुन्हा मोजावी. ॲम्डालचा विचार तेव्हा फळ्यावरील सूत्र न राहता विद्यार्थ्याच्या वहीतील आकडा होईल. त्यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत. किंबहुना जुनी यंत्रे येथे गैरसोय न ठरता प्रयोगाचा विषय ठरतात, कारण कमी गाभ्यांच्या यंत्रावरील मापने प्रसिद्ध तक्त्यांत सहसा नसतात.

भाषेचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सी व सी++ यांचे प्राथमिक पाठ मराठीतून उपलब्ध करून दिले आहेत. त्यापुढील पायरी, म्हणजे लिहिलेली आज्ञावली यंत्रावर उभी कशी राहते याचे विवेचन, मराठीत आणण्याची जबाबदारी महाविद्यालयीन प्राध्यापकांनी स्वीकारावयास हवी.

निष्कर्ष

१) मोल्डच्या वेगाचा दावा प्रसिद्ध मापनांच्या आधारे ग्राह्य आहे, मात्र जीएनयू एलडीशी केलेल्या तुलनेतील एकतीस पटींचा आकडा त्याचे खरे योगदान फुगवून दाखवितो. एलएलडीशी तुलना अधिक न्याय्य ठरते.
२) समस्येच्या अंगभूत मर्यादेला मापदंड मानणे आणि नाकारलेल्या कल्पनांची कारणांसह नोंद ठेवणे, ही मोल्डची पद्धती त्याच्या वेगाइतकीच अनुकरणीय आहे.
३) लिंकर स्क्रिप्टच्या मर्यादित स्वीकारामुळे सूक्ष्मनियंत्रकांच्या क्षेत्रात मोल्ड जीएनयू एलडीची जागा घेऊ शकत नाही.
४) परवान्याचा प्रवास पाहता मुक्त साधनांच्या लाभार्थींनी देखभालीचा वाटा उचलला नाही, तर गोल्डची पुनरावृत्ती होण्याचा धोका राहतो.
५) धाराशिवसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी मोल्डचे महत्त्व तुलनात्मक प्रयोगाचे साधन म्हणून आहे. तो प्रयोग उपलब्ध यंत्रांवर, खर्चाविना करता येतो.

लिंकरवरचा प्रश्न विद्यापीठीय परीक्षांत अनेक वर्षे पाच गुणांसाठी विचारला गेला आहे. ते पाच गुण मिळविलेल्या विद्यार्थ्याला जोडणीच्या वेळी आलेली त्रुटी वाचून ती दूर करता येते का, हे पाहण्याची व्यवस्था प्रात्यक्षिक परीक्षेत सहज करता येईल. साधने मुक्त आहेत, यंत्रे उपलब्ध आहेत; निर्णय अभ्यासमंडळांनी आणि विभागांनी घ्यावयाचा आहे.